आवाज, अंदाज आणि एक बटण

आवाजाचा त्रास म्हटलं की पहिला प्रश्न डेसिबलचा येतो. कायदाही आवाज आकड्यांतच मोजतो. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा 50 आणि रात्री 40 वर येते. हे आकडे गरजेचे आहेत. त्यांच्या आधारे तक्रार नोंदवता येते आणि कारवाईही होऊ शकते.

पण ज्यांना आवाज सोसत नाही अशा माणसांशी बोलून पाहिलं, तर ही मोजपट्टी अपुरी पडते. कुणाला शेजारी बसून कुणी मचमच करत जेवलं की अंगाचा तिळपापड होतो. कुणाला स्टीलचं ताट ओट्यावर आपटलं की कानात कळ उठते. एखादं मूल वर्गातल्या गलक्यात कानांवर हात ठेवून बाकाखाली बसतं. घरातले, वर्गातले बाकीचे म्हणतात, "एवढं काय झालं? आम्हाला नाही का ऐकू येत?" ज्याला त्रास होतो त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं, कारण आपले कान काही दुसऱ्याला देता येत नाहीत.

हे उत्तर देण्याची धडपड गेल्या काही वर्षांत व्हिडिओ गेममध्येही सुरू आहे. मोठ्या कंपन्यांबाहेर, दोन-चार जणांनी मिळून केलेल्या छोट्या प्रायोगिक खेळांत, ज्यांना इंडी गेम म्हणतात, असे प्रयत्न झाले आहेत. खेळांच्या सगळ्या प्रकारांत आवाजाची संवेदनशीलता समजावून देण्यासाठी सर्वांत योग्य प्रकार मला रिदम गेमचा, म्हणजे तालावर बटण दाबण्याच्या खेळाचा वाटतो. हा खेळ दोन गोष्टींवर उभा असतो: पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज आणि हाताशी असलेलं बटण. आवाजाचा त्रास किती होणार हेही बऱ्याच अंशी याच दोन गोष्टींवर ठरतं.

ठोक्याच्या आधीच पडणारं बोट

रिदम गेमचं आजचं रूप जपानमध्ये घडलं. मासाया मात्सुउरा यांच्या नानाऑन-शा स्टुडिओचा 'पाराप्पा द रॅपर' 1996 साली प्लेस्टेशनवर आला. त्यात एक कागदी कुत्रा रॅप शिकतो आणि खेळाडूने योग्य क्षणी योग्य बटण दाबलं की त्याच्या तोंडून ओळी बाहेर पडतात. पाठोपाठ 1997 मध्ये कोनामीचा 'बीटमेनिया' आणि 1998 मध्ये पायांनी खेळायचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आर्केडमध्ये आले. 2005 च्या 'गिटार हिरो'ने हा प्रकार अमेरिकेतल्या घराघरांत नेला.

या खेळांचं बाह्यरूप वेगवेगळं असलं तरी आतली रचना एकच आहे. पडद्यावर खुणा सरकत येतात आणि एका रेषेवर पोचतात. खूण रेषेवर असताना बटण दाबायचं. म्हणजे खेळाडूला पुढचे काही क्षण आधीच दिसत असतात. ठोका ऐकून मग बटण दाबू म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. आवाज कानावर पडल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण दीडशे मिलिसेकंद जातात आणि अचूक ठोका धरायला एवढी सवड नसते.

मग माणसाला ताल धरता येतो तो कसा? तो ठोक्याची वाट पाहत बसत नाही, ठोका कधी पडणार याचं गणित आधीच मांडतो. प्रयोगशाळेत लोकांना मेट्रोनोमबरोबर बोट आपटायला सांगितलं की बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी, सुमारे 20 ते 80 मिलिसेकंद आधी पडतं आणि त्यांना मात्र आपण अगदी बरोबर आहोत असंच वाटत असतं. एफएमआरआय करून पाहिलं तर नुसता ताल ऐकत स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूतही हालचालीशी संबंधित भाग जागे झालेले दिसतात. शरीर हललं नाही तरी मेंदू पुढच्या ठोक्याकडे झेपावलेला असतो. मैफलीत तबलजीने तिहाई घेतली की दुसऱ्या फेरीलाच श्रोत्यांना सम कुठे येणार हे कळतं आणि ती तिथेच पडली की माना डोलतात. रिदम गेमचा आनंद याच जातीचा आहे.

'गिटार हिरो'त आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ठोका चुकला की गाण्यातली गिटार गप्प होते आणि एक बेसूर खणखणाट ऐकू येतो. म्हणजे या खेळात कर्कश आवाज ही खेळाडूच्या चुकीची शिक्षा असते. तो का आला हे कळतं, पुढच्या वेळी टाळता येतो. रोजच्या जगण्यातला गोंगाट असा नसतो. तो आपल्या चुकीने येत नाही, आधी कळवून येत नाही आणि आपण कितीही अचूक वागलो तरी थांबत नाही.

ज्याच्या हातात बटण होतं

अंदाज आणि बटण यांचा आवाजाच्या त्रासाशी संबंध दाखवणारे गाजलेले प्रयोग डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केले. 1969 च्या सुमारास सुरू झालेलं हे काम 1972 साली 'अर्बन स्ट्रेस' या पुस्तकात एकत्र आलं. पन्नास वर्षं उलटली तरी गोंगाटाच्या अभ्यासात त्याचं नाव निघतं.

त्यांनी वापरलेला आवाज मुद्दाम रचलेला होता. दोन माणसं स्पॅनिशमध्ये बोलत आहेत, एक आर्मेनियनमध्ये, शिवाय सायक्लोस्टाइलसारखं प्रती काढणारं यंत्र, टेबलावरचं आकडेमोडीचं यंत्र आणि टाइपरायटर. हे सगळं एकावर एक चढवलेलं होतं, त्यामुळे कशाचाच अर्थ लागत नसे. मोठ्या आवाजाच्या गटाला हा कलकलाट 108 डेसिबलने ऐकवला. काही जणांना तो ठरावीक अंतराने येई, प्रत्येक मिनिटाला एकदा. काहींना तो कसाही येई: कधी लांब, कधी आखूड, कधी लागोपाठ, कधी बऱ्याच वेळाने. हे चालू असताना लोक समोरची साधी कामं करत होते.

पहिला निष्कर्ष अनपेक्षित होता. आवाज चालू असताना कामात फारसा फरक पडला नाही. सुरुवातीला लोक दचकले, तळहातांना घाम सुटला, मग हळूहळू शरीर सरावलं. कुणी तिथेच मोजमाप थांबवलं असतं तर 'माणसाला सवय होते' एवढंच हाती लागलं असतं. ग्लास आणि सिंगर यांनी आवाज बंद झाल्यानंतर काय होतं ते पाहिलं. लोकांना रेघांच्या आकृत्या दिल्या. पेन्सिल न उचलता आणि कोणतीही रेघ दुसऱ्यांदा न गिरवता ती आकृती काढायची. यातल्या काही आकृत्या अशा पुऱ्या होणं शक्यच नव्हतं. माणूस हार मानेपर्यंत किती वेळा प्रयत्न करतो, एवढंच त्यात मोजायचं होतं. मुद्रितशोधनासाठी एक मजकूरही दिला होता.

ज्यांना आवाज कसाही, कधीही ऐकवला होता त्यांनी लवकर हार मानली आणि मुद्रितशोधनात जास्त चुका सोडल्या. ठरावीक अंतराने तोच आवाज ऐकलेल्यांवर एवढा परिणाम झाला नाही. जोर दोन्हीकडे सारखाच होता. फरक होता तो अंदाजाचा.

पुढच्या प्रयोगात बटण आलं. काही जणांना सांगितलं की खुर्चीजवळच्या या बटणाने आवाज बंद करता येईल; शक्यतो करू नका, पण मर्जी तुमची. जवळजवळ कुणीच ते बटण दाबलं नाही. त्यांनी दुसऱ्या गटाइतकाच कलकलाट पूर्ण वेळ ऐकला. तरीही नंतरच्या कोड्यांवर त्यांनी बटण नसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा प्रयत्न केले. आवाज थांबवता येईल, एवढी जाणीव पुरेशी होती.

कान आणि मेंदू यांच्या रचनेतही याच्या खुणा सापडतात. मधल्या कानात स्टेपेडियस नावाचा स्नायू असतो. शरीराच्या हाडांवरच्या स्नायूंपैकी हा सर्वांत लहान. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आतल्या कानाकडे जाणारा जोर कमी करतो. आपण स्वतः बोलणार असतो तेव्हा हा स्नायू आवाज फुटण्याआधीच आखडायला लागतो. अचानक फुटलेल्या फटाक्यापुढे मात्र त्याला वेळच मिळत नाही. तो आखडेपर्यंत धमाका आत पोचलेला असतो. मेंदूतही असंच घडतं. आपण स्वतः बटण दाबून काढलेल्या आवाजाला श्रवणकेंद्राचा प्रतिसाद, तोच आवाज दुसऱ्याने ऐकवला असता येणाऱ्या प्रतिसादापेक्षा सौम्य असतो. आपला आवाज आपल्याला मुळातच कमी टोचतो.

त्रास एक नाही

'आवाज सहन होत नाही' या तक्रारीत निदान तीन निरनिराळे प्रकार मिसळलेले असतात आणि ते वेगळे काढले नाहीत तर उपायही चुकतात.

पहिला हायपरॅक्युसिस. यात इतरांना साधे वाटणारे आवाज असह्यपणे मोठे वाटतात, काहींना त्यांनी प्रत्यक्ष दुखतं. ऐकण्याची चाचणी अनेकदा सामान्य येते. एका मांडणीनुसार मेंदूतल्या श्रवणमार्गात आवाज वाढवण्याची पातळी वर चढून बसलेली असते. कानातून कमी माहिती आली की मेंदू ती भरून काढण्यासाठी आणखी जोर लावतो. म्हणूनच सतत इअरप्लग घालून राहण्याचा उपाय उलटू शकतो. निरोगी माणसांनी काही काळ सलग इअरप्लग घातल्यावर त्यांची आवाजाची संवेदनशीलता वाढल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. उलट कानाशी सतत मंद, एकसुरी आवाज ठेवल्यावर ती कमी झाली. उपचारात अशा मंद आवाजाचा वापर याच कारणाने होतो.

दुसरा मिसोफोनिया. हे नाव मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी 2001 साली रूढ केलं. यात जोराचा प्रश्नच नसतो. चावणं, भुरके मारणं, नाक ओढणं, पेनाची टकटक असे हलके आणि ठरावीक आवाज संताप, किळस किंवा तिथून पळून जाण्याची ऊर्मी जागी करतात. न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी 2017 साली 'करंट बायोलॉजी'त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिसोफोनिया असलेले 20 आणि नसलेले 22 जण होते. पावसासारखे साधे आवाज आणि बाळाच्या रडण्यासारखे सर्वांनाच नकोसे वाटणारे आवाज यांना दोन्ही गटांचा प्रतिसाद जवळपास सारखा होता. खाण्याचे आणि श्वासाचे आवाज सुरू झाले तेव्हा मात्र मिसोफोनिया असलेल्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, त्वचेवरचा घाम वाढला आणि मेंदूतल्या अग्र इन्सुलाची सक्रियता उसळली. काय महत्त्वाचं आहे, कशाकडे लक्ष द्यायचं, हे ठरवण्यात या भागाचा वाटा असतो. 2021 मध्ये याच गटाने दाखवलं की अशा लोकांत श्रवणकेंद्र आणि तोंड, जबडा, घसा हलवणारं केंद्र यांची जोडणी जास्त घट्ट असते. समोरच्याचं चावणं जणू आपल्या तोंडात घुसतं. नखरे, तिरसटपणा अशी नावं घेऊन वाढलेल्या अनेक माणसांना आपल्या त्रासाचा माग मेंदूत दिसतो हे कळणंसुद्धा मोठा दिलासा ठरतं.

तिसरा प्रकार ऑटिझमसोबत येणाऱ्या संवेदनांचा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-नियमावलीच्या 2013 सालच्या पाचव्या आवृत्तीत, संवेदनांना नेहमीपेक्षा तीव्र किंवा मंद प्रतिसाद हा ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत सामील झाला. यात अडचण एका आवाजाची नसते. पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण, मागच्या बाकावरची कुजबुज, बाहेरचा ट्रक आणि शिक्षकांचं बोलणं हे सगळं एकाच पातळीवर आत येतं आणि त्यातून हवं ते निवडण्यातच सारी शक्ती खर्च होते.

खेळांनी काय करून पाहिलं

त्याच 2013 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये आरोग्यविषयक हॅकेथॉनमध्ये, काही तासांत, 'ऑटी-सिम' नावाचा छोटा खेळ तयार झाला. खेळाडू एका मैदानात उभा असतो. मुलं खेळत असतात. त्यांच्याजवळ जावं तसा आवाज वाढत जातो, चेहरे पुसट होतात, पडद्यावर मुंग्या येतात. मागे सरकलं की सगळं निवळतं. खेळात जिंकायचं काही नाही. थोड्याच वेळात खेळाडू आपोआप मैदानाच्या कडेला, मुलांपासून दूर जाऊन उभा राहतो.

या खेळाचं यश या शेवटच्या वाक्यात आहे. 'हा इतरांत मिसळत नाही' हे वाक्य अशा मुलांबद्दल नेहमी बोललं जातं. खेळ ते वाक्य उच्चारत नाही, खेळाडूला स्वतःच कोपरा शोधायला लावतो. बाहेरून जो स्वभाव वाटत होता तो आतून साधा बचाव निघतो.

'ऑटी-सिम'वर टीकाही झाली आणि ती रास्त होती. ऑटिझम म्हणजे नुसती भयकथा आहे असा समज त्यातून होऊ शकतो, असं काही ऑटिस्टिक लोकांनी म्हटलं. काहींना मात्र आपला अनुभव ओळखीचा वाटला. अशा अनुकरणांचा धोका संशोधनातही दिसतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अपंगत्वाची नक्कल करून ते 'अनुभवलेल्या' विद्यार्थ्यांत भीती आणि असहायता वाढली. प्रत्यक्ष अपंग माणसांशी वागण्या-बोलण्याबद्दलची वृत्ती मात्र सुधारली नाही. पाच मिनिटांचा त्रास म्हणजे समज नव्हे. ज्याला तो रोज होतो त्याने स्वतःचे मार्गही शोधलेले असतात आणि पाच मिनिटांच्या पाहुण्याला ते दिसत नाहीत.

मग दुसरी वाट कोणती? इथे रिदम गेम उपयोगी पडतो. 'रिदम डॉक्टर' हा मलेशियाच्या हाफिझ अझमान यांनी विद्यार्थिदशेत सुरू केलेला आणि 'सेव्हन्थ बीट गेम्स' या छोट्या चमूने वाढवलेला खेळ 2021 मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला. खेळाडू रुग्णालयातला शिकाऊ कर्मचारी असतो आणि दूरवरून यंत्राने रुग्णांच्या हृदयाला झटका देतो. सगळ्या खेळाला एकच बटण पुरतं. मनात सात मोजायचे आणि सातव्या ठोक्यावर स्पेसबार दाबायचा.

नियम मुलालाही कळेल इतका सोपा आहे. मग रुग्ण येऊ लागतात आणि प्रत्येकाचं हृदय आपल्या चालीने चालतं: कुणाचं ठोका गाळणारं, कुणाचं लंगडत्या लयीचं, तर कुठे एकाच वेळी दोन हृदयांचे दोन ताल. पहिल्या टप्प्याच्या शेवटी झोप न लागणारा एक रुग्ण येतो आणि खेळ खेळाडूच्या पायाखालची जमीन काढून घेतो. यंत्राच्या जोडणीत बिघाड होतो, पडद्यावर चित्र तुटतं, फाटतं, ठोके नीट दिसेनासे होतात. पुढच्या काही लेव्हलमध्ये तर खेळाची खिडकीच संगणकाच्या पडद्यावर इकडून तिकडे हलू लागते. जो खेळाडू डोळ्यांनी खेळत असतो तो लगेच चुकतो. जो डोळे मिटून आत मोजणी चालू ठेवतो तो तरतो. बाहेर काहीही चालू असताना एक धागा धरून ठेवायला किती कष्ट पडतात, हे इथे बोटाला कळतं. भाषण ऐकून ते कळलं नसतं.

त्याआधीचा 'थंपर' (2016) दुसऱ्या टोकाचा खेळ आहे. मार्क फ्लरी आणि ब्रायन गिब्सन या दोघांनीच तो केला. गिब्सन हे लाइटनिंग बोल्ट या नॉइज-रॉक जोडगोळीतले बासवादक. एक चकचकीत भुंगा रुळावरून भन्नाट वेगाने सुटतो आणि प्रत्येक ठोका अंगावर आदळतो. 'थंपर'चा गोंगाट धडकी भरवतो, तरी खेळाडू तो आवडीने सोसतो, कारण प्रत्येक आघात आधी दिसतो आणि प्रत्येकाला उत्तर देता येतं. एवढा गोंगाट आनंदाचा का होतो, याचं उत्तर ग्लास आणि सिंगर यांच्या बटणात आहे.

आणखी मागे गेलं तर मात्सुउरा यांचाच 'विब-रिबन' भेटतो. 1999 सालच्या या खेळात काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ आणि तिच्यावरून चालणारी व्हिब्री नावाची सशीण एवढंच असतं. खेळ सुरू झाल्यावर आपली कोणतीही संगीताची सीडी प्लेस्टेशनमध्ये घालता येई आणि त्या संगीतावरून रेघेत खड्डे, लाटा, गाठी तयार होत. शांत गाण्यात वाट सरळ, गोंगाटाच्या गाण्यात वाट खडतर. चुका झाल्या की सशिणीचा बेडूक होई, मग अळी. नीट खेळलं की ती पुन्हा सशीण होई. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये व्हिडिओ गेमचा संग्रह सुरू केला तेव्हा पहिल्या चौदा खेळांत 'विब-रिबन' होता. आवाजाने माणूस आक्रसतो आणि सावकाश पूर्वपदावर येतो, हे नियमांतून सांगण्याचा नमुना या खेळात तयार आहे.

असा खेळ करायचा तर

आवाजाच्या संवेदनशीलतेवर रिदम गेम करायचा झाला तर वरच्या सगळ्यातून काही नियम निघतात.

पहिला नियम: आवाज मोठा करायचा नाही. खेळाडूच्या कानात किंचाळणं हा सोपा मार्ग आहे आणि तो चुकीचाही आहे. कानाच्या पेशींना तो आवाज कलाकृतीचा आहे की कारखान्याचा, हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो; 90 डेसिबलला ही मुभा चार तासांवर येते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वाढवायची ती अनिश्चितता. कुकरची शिट्टी, मिक्सर, चमच्याचा खणखणाट, दाराची घंटा हे ओळखीचे आवाज आधी तालात येऊ द्यावेत, खेळाडूने त्यांच्यावर भरवसा ठेवावा आणि मग ते तालातून सुटू लागावेत. आवाज तेवढाच राहील, पण खेळाडूचे खांदे आखडतील.

दुसरा नियम: किंमत नंतर वसूल करायची. ग्लास आणि सिंगर यांना परिणाम दिसला तो गोंगाट थांबल्यावर. खेळातही गोंगाटाची लेव्हल जेमतेम पार पडावी आणि पुढच्या शांत, सोप्या लेव्हलमध्ये अचूकतेची मुभा नकळत कमी झालेली असावी. काल सहज जमलेला ठोका आज चुकावा. दिवसभर वर्गात 'नीट' बसलेलं मूल घरी येऊन चिमूटभर कारणावर का कोसळतं, हे त्या चुकलेल्या ठोक्यातून कळेल. रिदम गेमला हे शोभतं, कारण तो मिलिसेकंदाच्या हिशेबात चुका मोजतो. थकव्याचा पुरावा त्याच्याकडे तयार असतो.

तिसरा नियम: मार्ग दाखवायचे. हेडफोन लावणं, खोलीबाहेर जाऊन येणं, एका मंद तालावर लक्ष ठेवणं, समोरच्याला 'जरा थांबतोस का' म्हणणं, या सगळ्या खेळातल्या खऱ्या चाली असाव्यात आणि त्या वापरल्याबद्दल गुण कापले जाऊ नयेत. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी या चाली ठरवल्या तरच त्या खऱ्या उतरतील.

चौथा नियम: खेळाडूला खरं बटण द्यायचं. संगीत, परिणाम-ध्वनी आणि संवाद यांचे आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची सोय ही खेळ सर्वांना खेळता यावा यासाठीची मूलभूत शिफारस आहे. आवाजाच्या त्रासावरचा खेळ त्रास असलेल्यालाच खेळता येऊ नये, यासारखी विसंगती नाही. एका दाबात सगळं शांत करणारं बटण पडद्यावर कायम दिसत राहावं. ते कुणी दाबो न दाबो, त्याच्या असण्यानेच पुष्कळ काम होतं.

खेळाबाहेरचं बटण

मुंबईत एकदा हेच तत्त्व रस्त्यावर आलं होतं. 2019 च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला डेसिबलमापक जोडले आणि 2020 च्या जानेवारीत त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. लाल दिव्याचे सेकंद उलटे मोजले जात असताना हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. हॉर्न वाजवा आणि थांबा. उपक्रम थोड्या दिवसांचा होता, पण त्याची रचना अस्सल खेळाची होती. ज्याने आवाज केला त्यालाच त्याचा परिणाम त्याच क्षणी आकड्यात दिसत होता. एरवी हॉर्न वाजवणाऱ्याच्या हातात बटण असतं आणि ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. सिग्नलने पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाजूला वजन टाकलं.

गणपतीच्या दिवसांत ही विषमता सर्वांत उघडी दिसते. ढोलपथकात उभ्या असलेल्या मुलीला पुढचा ठोका माहीत असतो, टिपरू तिच्या हातात असतं, दमली तर ती बाजूला होऊ शकते. त्याच रस्त्यावर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला किंवा ऑटिस्टिक मुलाला यातलं काहीही मिळत नाही. दोघांच्या कानांना धोका आहेच. उत्साहाने केसपेशी वाचत नाहीत आणि डेसिबलची मर्यादा दोघांसाठीही पाळायलाच हवी. पण मनाला होणारा त्रास दोघांचा सारखा नसतो आणि 'आम्हाला तर मजा येते' हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. मजा येते ती ताल आणि टिपरू तुमच्या हातात आहे म्हणून.

यातली चांगली बाजू अशी की दोन्ही गोष्टी वाटून देता येतात आणि त्यांना खर्च फारसा येत नाही. मिरवणूक कोणत्या रस्त्यावर किती वाजता पोचणार आणि कितीला पुढे जाणार हे आधी कळवलं आणि तसं पाळलं, तर ज्यांना त्या वेळात दुसरीकडे जायचं आहे ते जाऊ शकतात. शाळेत आगीच्या सरावाची घंटा वाजणार असेल तर संवेदनशील मुलाला आदल्या दिवशी सांगता येतं, वर्गात हेडफोन घालायची परवानगी देता येते आणि न विचारता बाहेर जाऊन येण्याचं एक कार्ड त्याच्या खिशात ठेवता येतं. घरात मिक्सर लावण्याआधी हाक मारून सांगता येतं. जेवणाच्या वेळी मागे रेडिओ लावला तर मिसोफोनिया असलेल्या माणसाला सगळ्यांबरोबर ताटावर बसता येतं. त्रास फार असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत घ्यावी. हा हट्ट आहे असं समजून वर्षं घालवू नयेत.

चांगला रिदम गेम हे सगळं शिकवण्याच्या आविर्भावात सांगणार नाही. तो खेळाडूचा ताल काढून घेईल, बटण काढून घेईल, मग दोन्ही परत देईल आणि मधल्या फरकाचा अनुभव त्याच्या पदरात टाकेल. ज्या माणसाला तो फरक बोटांनी कळला, तो पुढच्या वेळी घरातल्या कुणी कानांवर हात ठेवले तर आधी आवाज थांबवेल आणि मग काय झालं ते विचारेल.